डावीकडून चौथा

सदर बझारात माझं दुकान. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स,
आणि 'जुने फोटो नवे करून मिळतील' असं दारावर.
शालन कणसे आली ती रहिमतपूरच्या एसटीनं.
पिशवीत उशीचा अभ्रा, अभ्र्यात फोटो.
"आज्याचा हाय. बिल्ला मिळाला तवाचा.
शाळेत लावायचा म्हणत्यात पंधरा ऑगस्टला.
ह्यो चौथा तेवढा नीट करा."

चौथ्याला चेहराच नव्हता.
चेहऱ्याच्या जागी दहा पैशांचं रेव्हेन्यू तिकीट,
जसं काही त्याच्याकडून रोख पैसे मिळाले
आणि तक्रार राहिली नाही.

मागे पेन्सिलीनं, अक्षर तालमीतल्या गड्यासारखं:
ब्रह्मदेश. डावीकडून. येसू घोरपडे, मी,
रामा शेडगे, चिमाजी, बाळू लोहार.

"चिमाजी कोण?"
"खटावकडचा आसंल. आज्जी सांगायची,
चिमाजीनं आज्याला पाठीवर घिऊन नदी उतरीवली.
चुलता गेलता हुडकाय, नारळ नि धोतरजोडी घिऊन.
खटाव-माण पालथा घातला. चिमाजी घावले तीन.
एक किराणावाला, एक आंधळा, एक तान्हा.
लढाईला कुणीच गेलं नव्हतं."

मी भिंग लावलं.
बाकीच्यांच्या टोप्या तिरक्या.
याची सरळ, कापडी, पुढं दोन बटणं,
त्यावर बिल्ला: सूर्य. किरणं मोजली,
दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बारा भरली.
डाव्या खिशावर शिवलेली पट्टी,
पट्टीवर तीन अक्षरं. उभ्या काड्या, आडव्या काड्या,
पहिल्याच्या डोक्यावर छप्पर असावं असं काहीतरी.
साहेबाचा हात पदक घेऊन त्या खिशाकडे निघालेला,
इतकी वर्षं झाली, पोचलेला नाही.

फोनला पट्टी दाखवली.
फोन म्हणाला, मजकूर आढळला नाही.

"शालनताई, हा चिनी आहे."
तिनं फोटो उलटा केला, सुलटा केला.
पाच नावं, पाच माणसं. बोट ठेवून मोजली.
"चिमाजी?"
"च्यांग मा, चेन मिंग, देव जाणे काय असेल.
तुमच्या आजोबांच्या तोंडात बसलं ते हे."

बराच वेळ पंखाच काय तो बोलत होता.
मग म्हणाली, "माझा थोरला चुलता, ज्ञानू,
बासष्टला नेफात. दसऱ्याला पत्र आलं, त्येच शेवटचं.
त्या सालात ह्यो फोटो एक रात भिंतीवर नव्हता.
सकाळी पुन्यांदा खिळ्याला. आज्जीनं इचारलं, ह्ये काय?
तर म्हणला, कसर लागली."

तिकिटाला मागून थुंकी लावतात.
तेवढंच मला माहीत आहे.

वाफ दिली, हळू, चहाच्या किटलीवर.
तिकीट सुटलं, पण एकटं नाही सुटलं.
फोटोवर राहिली हनुवटी, एक कान.
बाकीचा तिकिटाच्या पाठीला चिकटून आला,
उलटा: डावा डोळा उजवीकडे,
ओठाच्या कोपऱ्यात हसू, की उन्हानं आवळलेलं तोंड.
आमच्या कोरेगावच्या बाजारात बसवला असता
तर कुणी मान वळवून पाहिलं नसतं, असा.

"दोन्ही स्कॅन करून जोडतो," मी म्हणालो,
"खाली काय लिहू? अज्ञात चिनी सैनिक?"
"अज्ञात कशाला? नाव हाय की."
"आणि आडनाव?"
तिनं घड्याळ बघितलं. एसटी पाच दहाची.
"आज्यानं न्हाय लिवलं. जागा सोडा."

सोडली. शेडगे आणि लोहार यांच्या मध्ये
चिमाजी, आणि पुढं साधारण अर्धा इंच.
प्रिंट काढताना मशीन दरवेळी विचारतं,
रिकामी जागा काढून टाकू का?